एकतीस निगेटिव्ह

सोमवार, ३ मार्च

पर्स अजून खांद्यालाच होती आणि फोन वाजला. लांबच्या गावातल्या रुग्णालयाचे रक्तविकाराचे डॉक्टर. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"तुमचा अहवाल चुकलाय."

मी शांतपणे विचारलं, कुठला. फरशा बसवणारा माणूस, वय छत्तीस. प्लीहा बेंबीपर्यंत सुजलीय, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्यात. "भिंगाखाली बघतो तर आजार मला हात हलवून हाका मारतोय, आणि तुमचा कागद म्हणतो निगेटिव्ह. मी कोणावर विश्वास ठेवू, डोळ्यांवर की कागदावर?"

मी म्हटलं, चाचणी पुन्हा करते. ते म्हणाले, "कराच," आणि फोन ठेवला.

दिवसभर डोकं तापलेलं. चौदा महिने ही चाचणी माझ्या पद्धतीने होतेय, एक तक्रार नाही. प्रयोगवहीत रागाला रकाना नसतो म्हणून ही वही काढली. लेकीच्या शाळेची अर्धी कोरी राहिलेली आहे, चालेल.

मी फोनवर बोलत होते तेव्हा बर्फकाका शीतकपाटापाशी उगाच रेंगाळत होते. बर्फकाका म्हणजे आमचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ. नमुने गोठवून ठेवायचं काम त्यांच्याकडे, म्हणून ते नाव. स्वभावालाही शोभतं. निदान माझ्याशी तरी. वर्षभर झालं, कामापुरतंच बोलतात. मी त्यांचं काय घोडं मारलंय देव जाणे.

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा केली. पुन्हा निगेटिव्ह. आणि नमुना शाबूत असल्याचं सांगणारी साक्षीदार पट्टी अशी ठळक, की फोटो काढून भिंतीवर लावावी. नमुन्यात दोष असता तर साक्षीदार आधी फिकट पडला असता. डॉक्टरांना कळवलं. ते नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"चा मला जास्त राग आला.

संध्याकाळी चहा घेताना नवऱ्याने विचारलं, "तोंड का पाडलंयस?" तो शाळेत चित्रकला शिकवतो. माझं काम त्याला पंधरा वर्षांत कळलेलं नाही, पण विचारतो नेमाने. मग सांगत बसले. रक्ताच्या या कर्करोगात दोन जनुकं चुकून एकमेकांना चिकटतात आणि पेशी त्या जोडजनुकाचे निरोप काढत सुटते. तो निरोप सापडला की निदान पक्कं. मग रोज एक गोळी, आणि माणूस वर्षानुवर्षं जगतो. पण निरोप असतो आरएनएचा, फार नाजूक माल. म्हणून आधी त्याची डीएनएमध्ये नक्कल करून घ्यायची. नक्कल करणारं विकर आपण होऊन सुरुवात करत नाही, त्याला कुठेतरी एक छोटा तुकडा चिकटवून द्यावा लागतो. तो प्रायमर.

"मग चिकटवायचा कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"तिथेच तर माझी सुधारणा आहे!" मी म्हटलं. प्रत्येक निरोपाला एकाच अक्षराची लांब शेपटी असते. मी प्रायमर बरोबर शेपटीला लावते, नक्कल तिथून सुरू होऊन डोक्यापर्यंत जाते. आधी बर्फकाकांच्या पद्धतीत रँडम प्रायमर वापरायचे. सहा-सहा अक्षरांचे वाटेल तसे तुकडे, अक्षरांच्या सगळ्या जुळण्या एका नळीत कोंबलेल्या. ते निरोपावर कुठेही चिकटणार, नको त्या आरएनएचीही नक्कल होणार, पट्ट्या उमटतात त्या जेलच्या पाटीवर नुसता धुरळा. मागच्या जानेवारीच्या बैठकीत मी म्हटलं होतं, "हे म्हणजे डोळे मिटून दगड मारणं झालं, काका, एखादा लागतो आंब्याला." सगळे केवढे हसले होते. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, मॅडमसुद्धा. त्या दिवसापासून माझी पद्धत सुरू झाली.

नवरा म्हणाला, "काकापण हसले?"

आठवत नाही. हसले असतील.

गुरुवार, ६ मार्च

आज जेवून आले तर माझ्या टेबलावर बर्फात खोचलेली एक इवलीशी नळी. वर बर्फकाकांच्या मोत्यासारख्या अक्षरात: "रँडम". चिठ्ठी नाही, काही नाही. ते स्वतः दोन टेबलं पलीकडे पाठ करून बसलेले.

म्हणजे मला शिकवणार आता!  नळी उचलून शीतकपाटात ठेवली. फेकणारच होते, खरं तर.

शुक्रवार, ७ मार्च

फेकली नाही. म्हटलं, एकदाच करून दाखवू आणि विषय संपवू. फरशीवाल्याचा तोच आरएनए, तेच विकर, फक्त प्रायमर रँडम.

चार वाजता पाटी दिव्याखाली धरली.

धुरळा होता. आणि त्या धुरळ्यात, बरोबर जोडजनुकाच्या जागी, पट्टी होती. फिकट नाही, शंका घ्यावी अशी नाही, ढळढळीत.

मी पाटी झाकून ठेवली, हात धुतले. मग परत उघडून बघितली. तशीच होती.

शनिवार, ८ मार्च

सुट्टी. कपाट आवरलं. लेकीवर दोनदा खेकसले, कारण नसताना.

कारण आता मला कळलंय, आणि ते इतकं साधं आहे की मान खाली जाते. नमुना लांबून येतो, बसने, चार-चार दिवस. वाटेत निरोपाचे तुकडे होतात. शेपटी एका तुकड्यावर, जोड दुसऱ्यावर. माझा प्रायमर शेपटी धरतो, तुटल्या जागेपर्यंत नक्कल करतो आणि थांबतो. जोड फार पुढे राहते, तिथवर कोणी पोचतच नाही. रँडम प्रायमर मात्र प्रत्येक तुकड्यावर कुठे ना कुठे बसतात.

आणि तो साक्षीदार! साक्षीदार जनुकाचा जो भाग आपण तपासतो तो शेपटीला अगदी लागून आहे. निरोपाच्या चिंध्या झाल्या तरी तो म्हणणार, सगळं ठीक. ती जागा मीच निवडली होती. पट्टी देखणी येते म्हणून.

कोणाला दिसणार नाही म्हणून इथे लिहिते: सकाळभर माझ्या मनात हेच चाललं होतं की फरशीवाल्याचा अहवाल गुपचूप बदलावा, सोमवारपासून गुपचूप रँडम वापरावं, आणि बाकीच्याची वाच्यता करू नये. चौदा महिन्यांत लांबून आलेला हा एकटाच थोडा असेल!

सोमवार, १० मार्च

मॅडमच्या खोलीत गेले. सांगितलं. आवाज असा येत होता जणू दुसरंच कोणी बोलतंय.

मॅडमनी पाटीचा फोटो बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "आधी त्या डॉक्टरांना फोन कर. आत्ता. माझ्यासमोर."

मी केला. पॉझिटिव्ह, म्हटलं. पहिला अहवाल चुकीचा होता, चूक आमची. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. मग, "आजच गोळी सुरू करतो. थँक्यू हं." थँक्यू म्हणाले. त्यापेक्षा शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"आता नोंदवही आण," मॅडम म्हणाल्या.

चौदा महिन्यांत दोनशेहून जास्त निगेटिव्ह. जवळच्या रुग्णालयांचे नमुने तासाभरात येतात, ते बाजूला काढले. लांबून आलेले उरले एकतीस. एकतीस नावं मी हाताने कागदावर उतरवली. नुसता आकडा असता तर सोपं गेलं असतं.

"यांचा उरलेला आरएनए?"

सहा महिन्यांनी टाकून द्यायचा असा नियम आहे. तो मागच्या वर्षी कडक करून घेतला तो मीच. टाकायच्या याद्यांवर सह्या माझ्या. बहुतेकांचं काही उरलं नसणार. मॅडमनी डोळे मिटून घेतले, आणि मला, खरं सांगते, क्षणभर हायसं वाटलं. तपासायलाच काही नाही, तर कळणारही नाही.

हे हायसं वाटणं मी कधी विसरू नये म्हणून लिहून ठेवते आहे.

मंगळवार, ११ मार्च

यादी घेऊन बर्फकाकांकडे गेले. म्हटलं, यातले शेवटच्या सहा महिन्यांतले तरी काढून द्या.

त्यांनी चष्मा लावला. यादी वरपासून खालपर्यंत वाचली, बोट फिरवत. मग उठून मागच्या खोलीतल्या जुन्या शीतकपाटापाशी गेले. तेच, ज्याला आम्ही भंगार म्हणतो. तळचा कप्पा ओढला. बर्फ खरवडला. आत डबे. प्रत्येक डब्यावर महिना.

"हे काय?"

"आहेत सगळे. एकतीस."

"काका, हे फेकायला सांगितले होते ना?"

"हो."

"यादीवर तुमचीपण सही आहे, फेकले म्हणून."

"आहे."

"मग?"

त्यांनी हातमोजे चढवले. "जागा होती," म्हणाले.

शुक्रवार, १४ मार्च

मॅडम म्हणाल्या, आधी पुरावा पक्का कर, मग एकतीस. रास्त आहे. वॉर्डातल्या एका पॉझिटिव्ह रुग्णाने परवानगी दिली, त्याचं ताजं रक्त चार नळ्यांत वाटलं. एक लगेच गोठवली, बाकीच्या टेबलावर एक, दोन आणि तीन दिवस तशाच. आज सगळ्या सोबत चालवल्या, दोन्ही प्रायमरांनी.

ताज्या नळीत दोन्ही पद्धती सारख्या. दुसऱ्या दिवसाच्या नळीत माझी पट्टी भुतासारखी. तिसऱ्या दिवशी गायब. रँडमची चारही नळ्यांत हजर. आणि साक्षीदार, माझा देखणा साक्षीदार, सगळीकडे सारखाच ठळक.

बर्फकाका शेजारी उभे होते. मला वाटलं, आता म्हणतील, "सांगितलं होतं." ते म्हणाले, "नवा साक्षीदार डोक्याकडचा निवडू. तुकडे झाले असतील तर तो आधी ओरडेल." आणि कागदावर जागा लिहून दिली. म्हणजे त्यांनी ती केव्हाच शोधून ठेवली होती.

बुधवार, १९ मार्च

एकतीसपैकी सव्वीस खरोखरच निगेटिव्ह.

पाच पॉझिटिव्ह.

गुरुवार, २० मार्च

आज जेवणाच्या सुट्टीत बर्फकाकांच्या समोर जाऊन बसले. ते डबा उघडत होते.

"काका, त्या बैठकीत मी जे बोलले..."

"सोडा हो."

"नाही. तुम्ही तेव्हा काहीतरी सांगत होतात. लांबच्या नमुन्यांबद्दल. मी मध्येच ते दगडाचं बोलले आणि सगळे हसले. तुमचं वाक्य अर्धंच राहिलं." हे मला परवा बसमध्ये आठवलं. वर्षभर मी ते विनोद म्हणून सांगत होते, घरी, मैत्रिणींना. "मला माफ करा."

त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. 

"ताई, तुमची चूक अजाणता झाली," ते म्हणाले. "माझी तशी नाही. मला शंका होती. पुरावा नव्हता, पण शंका होती. एक दिवस बसून दोन नळ्या चालवल्या असत्या तर पुरावाही मिळाला असता. पण मी रुसलो. मनात म्हटलं, हुशार आहेत ना, मग बघून घेतील. नळ्या तेवढ्या जपल्या. मी नळ्या जपत बसलो, आणि तिकडे माणसं..."

 मी इतके दिवस समजत होते की हा माणूस खडूस आहे.

आम्ही दोघंही जेवलो नाही.

बुधवार, २६ मार्च

मॅडमनी पाचही रुग्णालयांना स्वतः फोन केले. प्रत्येक वेळी पहिलं वाक्य एकच: "चूक आमच्या प्रयोगशाळेची आहे आणि जबाबदारी माझी." मी म्हटलं, "पद्धत माझी होती." त्या म्हणाल्या, "सही माझी आहे. तू नळ्या बघ."

चौघं सापडले. दोघांचा आजार अजून संथ आहे, गोळी सुरू झाली. तिसऱ्याच्या डॉक्टरांनी संशय धरून दुसरीकडून तपासून घेतलं होतं, तो आधीच गोळीवर आहे. एक मुलगी बरीच आजारी आहे, पण डॉक्टर म्हणाले, अजून उपाय आहे.

पाचव्या एक बाई. वय बावन्न. नमुना मागच्या जूनमधला. आमच्या कागदावर भरवसा ठेवून त्यांच्यावर भलत्याच आजाराचे उपचार झाले. नोव्हेंबरमध्ये वारल्या.

मी नोंदवही उघडून ते पान पाहिलं. "साक्षीदार: उत्तम. निष्कर्ष: निगेटिव्ह." खाली माझी लफ्फेदार आद्याक्षरं.

घरी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला काही कळलं नसावं. भाजी चिरायला घेतली तर माझ्या हातातून सुरी काढून घेतली, आणि "तू बस" म्हणाला. लेकीला घेऊन बाहेर गेला, मला एकटीला रडायला तासभर सोडून.

सोमवार, ३१ मार्च

लांबच्या डॉक्टरांचा फोन. तोच आवाज, पण आज सुरुवात "कशा आहात?" अशी. फरशीवाल्याच्या पांढऱ्या पेशी निम्म्याहून खाली आल्यात, प्लीहा ओसरतेय. "कामावर जाऊ का म्हणून डोकं खातोय. जिन्याच्या फरशा अर्ध्या टाकून आलाय म्हणे, मालक खोळंबलाय." मी हसले. महिनाभरात पहिल्यांदा.

मॅडमनी पाचव्या घरी काय करायचं ते विचारलं. रुग्णालयाचं म्हणणं, पत्र पाठवा, रीतसर. मॅडम म्हणाल्या, पत्र जाईलच. पण पत्राच्या आधी कोणीतरी गेलं पाहिजे. मी जाते, असं त्यांनी म्हणण्याआधी मी म्हटलं, मी जाते.

"मीपण," दारातून आवाज आला. बर्फकाका नळ्यांचा ट्रे घेऊन उभे होते.

शुक्रवार, ४ एप्रिल

परतीच्या बसमध्ये लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं येतंय.

रुग्णालयाने घरी कळवून, परवानगी घेऊन ठेवली होती. सकाळी अकराला पोचलो. इस्त्रीचं दुकान, मागे दोन खोल्या. दारात मुलगी भेटली, पंचविशीची असेल, बालवाडीत शिकवते. आज आमच्यासाठी रजा घेतली होती. दुकानात वडील इस्त्री करत होते. आमच्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि पुढचा शर्ट घेतला.

आत बसलो. मी वाक्यं पाठ करून आले होते, एकही आठवेना. मग जसं झालं तसं सांगितलं. नमुना आला, वाटेत त्यातले निरोप तुटले होते, माझी पद्धत तुटलेले निरोप वाचू शकत नव्हती, आणि हे मला तेव्हा कळलं नाही. तुमच्या आईला गोळी लागू पडणारा आजार होता. आम्ही नाही म्हणून लिहून दिलं.

मुलगी ऐकत होती. हातातला रुमाल घडी करायची, उलगडायची.

"म्हणजे गोळी मिळाली असती तर आई वाचली असती?"

बसमध्ये काका म्हणाले होते, हा प्रश्न येणार, नीट उत्तर द्या. खात्रीने सांगता येत नाही, प्रत्येक रुग्ण वेगळा, अशी उत्तरं माझ्याकडे होती. खोटी नव्हती ती.

"बहुतेक हो," मी म्हटलं.

ती उठून खिडकीशी गेली.  काकांनी माझ्याकडे बघितलं, जायचं का, अशा नजरेने. तेवढ्यात ती वळली.

"हे सगळं एका कागदावर लिहून द्याल? साध्या भाषेत. आईचा नमुना कधी आला, तेव्हा आजार किती होता, सगळं."

मला वाटलं, वकिलासाठी. म्हटलं, देते, तुमचा हक्कच आहे.

"बाबांसाठी हवंय," ती म्हणाली. "जूनच्या आधी आई महिनाभर थकल्यासारखं करायची. बाबा म्हणाले, लग्नसराईचे कपडे उरकू दे, मग जाऊ. त्यांच्या डोक्यात बसलंय की त्यांनी उशीर केला म्हणून ती गेली. कोणाशी बोलत नाहीत, माझ्याशीसुद्धा. नुसती इस्त्री करतात."

काकांनी पिशवीतून नोंदीची प्रत काढली. जूनमधला पेशींचा आकडा, रुग्णालयाचा शेरा: आजाराची पहिली पायरी. मी मुलीच्या वहीचा कागद घेतला आणि लिहायला बसले. तीनदा खोडलं. काकांनी एक शब्द सोपा करून दिला. शेवटी आम्ही दोघांनी सही केली.

मुलीने कागद बाहेर वडिलांकडे नेला. आम्ही दुकानाच्या दारात उभे राहिलो. त्यांनी इस्त्री बाजूला उभी केली आणि चष्मा शोधला. एकदा वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं, ओठ हलवत.

"पहिली पायरी म्हणजे?" त्यांनी मला विचारलं. आल्यापासूनचा पहिला शब्द.

"म्हणजे तुम्ही त्यांना वेळेत नेलं होतं."

"वेळेत?"

"हो. त्या महिन्याने काही फरक पडला नव्हता. तुमच्याकडून उशीर झाला नाही. चूक आमच्याकडे झाली."

 मग त्यांचा चेहरा लाल झाला आणि ते ओरडायला लागले. तुम्ही कोण, तुम्हाला कामावर ठेवलं कोणी, माझी बायको तुमच्या कागदावर भरवसा ठेवून घरी आली, हसत आली, पेढे वाटते म्हणाली, कर्करोग नाही म्हणून! टेबलावर मूठ आपटली, घडी केलेले शर्ट खाली पडले. रस्त्यावरची माणसं थांबली. काका माझ्या पुढे व्हायला निघाले, मी त्यांचा हात धरला.

मुलगी वडिलांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. ती रडत होती, पण तिने त्यांना थांबवलं नाही.

"बोला, बाबा," ती म्हणत होती. "बोला."

आम्ही शेवटपर्यंत ऐकत उभे राहिलो.